खोडरबरालाही श्वास लागतो

विज्ञानाच्या विषयावर बोलण्यासाठी आकाशवाणीकडून बोलावणे आले, तेव्हा मी आधी विचारून घेतले, ‘‘पत्ता चुकला नाही ना?’’ मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक हातात धरले नव्हते. ते धरायला लावले माझ्या थोरल्या बहिणीच्या आजाराने, आणि माझ्या एका चुकीने.

बहिणीला आम्ही आपा म्हणतो. काही वर्षांपूर्वी तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी किरणोपचार सांगितले. ‘‘अंगात रक्त कमी आहे, आधी ते भरून काढू,’’ असेही म्हणाले. तारीख ठरली. त्याच आठवड्यात ओळखीतले एक गृहस्थ घरी आले. त्यांच्या पिशवीत निळ्या बाटल्या होत्या. बाटलीत ‘ऑक्सिजनयुक्त पाणी’. सोबतच्या पत्रकावर छापले होते, ‘कर्करोगाची पेशी ऑक्सिजनमध्ये जगू शकत नाही, नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने हे सिद्ध केले आहे.’ आपाला किरणांच्या मशीनची धास्ती होती. मला नोबेल या शब्दाची भुरळ पडली. बाटल्या मीच विकत घेतल्या, रुग्णालयातली तारीखही मीच पुढे ढकलली. असे सहा आठवडे गेले. सातव्या आठवड्यात रक्तस्राव वाढला, तेव्हा आम्ही धावत रुग्णालय गाठले.

डॉक्टरीणबाई रागावतील असे वाटले होते. त्या रागावल्या नाहीत. बाटली हातात घेऊन म्हणाल्या, ‘‘गाठीत ऑक्सिजन कमी असतो, हे खरंच आहे हो. म्हणून तर तिच्याशी झुंजणं अवघड जातं. पण तुमच्या बाटलीतला ऑक्सिजन तिथवर पोचत नाही.’’ अर्धे सत्य किती महाग पडते, ते त्या दिवशी कळले. उरलेले अर्धे शोधण्यासाठी मी वाचायला बसलो. ते जसे समजले, तसे आज तुम्हाला सांगतो.

गाठीत प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, कमी का पडतो? एखाद्या गावाची हद्द वाढते, तशी ती गोष्ट आहे. माळावर एका रात्रीत घरे उठतात, पण नळाची पाइपलाइन तिथवर गेलेली नसते. शेवटच्या घरात पाण्याची नुसती धार येते, कधी तीही येत नाही. कर्करोगाच्या पेशी अशाच भराभर वाढतात आणि रक्तवाहिन्या मागे पडतात. ज्या नव्या वाहिन्या फुटतात, त्या वेड्यावाकड्या, गळक्या, मध्येच बंद पडणाऱ्या असतात. केशवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन पेशींमधून फार तर १०० ते २०० मायक्रोमीटर पुढे जातो. म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीएवढे अंतर. वाटेतल्या पेशी तो वापरून टाकतात, पुढच्यांच्या वाट्याला काही उरत नाही.

हे १९५५ साली इंग्लंडमध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी दाखवून दिले. फुप्फुसाच्या कर्करोगाचे पातळ काप त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्तवाहिन्यांजवळ जिवंत पेशींचा थर होता आणि साधारण त्याच अंतरापलीकडे पेशी मेलेल्या होत्या. या दोहोंच्या सीमेवर, धड जिवंतही नाहीत आणि मेलेल्याही नाहीत, अशा अर्धपोटी पेशींची एक पट्टी असते. आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. शरीराच्या बहुतेक अवयवांत तो तीन ते सात टक्क्यांच्या घरात असतो. गाठीच्या अशा भागांत तो एक टक्का किंवा त्याहूनही कमी होतो. आजची गोष्ट आहे ती या पट्टीतल्या पेशींची.

आपाच्याच आजाराचे उदाहरण घेऊ. जर्मनीतल्या माइन्झ येथे होकेल आणि फाउपेल यांनी १९९०च्या दशकात गर्भाशयमुखाच्या गाठींत बारीक सुई घालून ऑक्सिजन मोजला. ज्यांच्या गाठीत तो फार कमी होता, त्यांचा आजार उलटण्याचे प्रमाण जास्त होते. किरणोपचारांच्या बाबतीत याचे कारण आधीच ठाऊक होते. किरणांनी पेशीला जी इजा होते, ती ऑक्सिजनमुळे पक्की होते. ऑक्सिजन नसेल तर तेवढ्याच परिणामासाठी अडीच ते तीन पट मात्रा लागते. पण १९९६ साली याच शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. ज्या स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाली होती, त्यांच्यातही कमी ऑक्सिजनच्या गाठी अधिक आडदांडपणे वागत होत्या. शस्त्रक्रियेच्या सुरीला ऑक्सिजनशी काय देणेघेणे? याचा अर्थ, श्वास कोंडला गेल्यामुळे त्या पेशींचा स्वभावच बदलत असला पाहिजे. तो कसा बदलतो?

याचे पहिले उत्तर २०१९च्या नोबेल पारितोषिकामुळे जगाला माहीत झाले. अमेरिकेचे ग्रेग सेमेन्झा व विल्यम केलिन आणि इंग्लंडचे पीटर रॅटक्लिफ यांना ते मिळाले. आपल्या पेशी ‘हिफ’ नावाचे एक प्रथिन सतत बनवत असतात आणि सतत मोडतही असतात. ऑक्सिजन असला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, या हिफवर एक खूण करते. ती खूण पाहून पेशीतली यंत्रणा त्याचा काही मिनिटांत निकाल लावते. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, हिफ साठते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि शेकडो जनुकांना कामाला लावते. नव्या रक्तवाहिन्या फोडा, साखर जास्त जाळा, तांबड्या पेशी वाढवा, असे त्याचे हुकूम असतात. लेहसारख्या उंच ठिकाणी राहिल्यावर काही आठवड्यांत आपले शरीर तिथल्या विरळ हवेला सरावते, त्यात याच हिफचा मोठा वाटा आहे. निरोगी माणसाचे हे हत्यार कर्करोगाची पेशी आपल्या कामाला जुंपते.

पण गोष्ट इथे संपत नाही. आता येतो आजचा खरा विषय. त्याला शास्त्रज्ञ एपिजेनेटिक्स म्हणतात. हे नाव १९४२ साली कॉनरॅड वॉडिंग्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने रूढ केले. नाव अवघड असले तरी त्यातली कल्पना मला या स्टुडिओत बसून सांगणे सोपे जाते.

माझ्यासमोर या भाषणाची संहिता आहे. वेळेत बसावे म्हणून निर्मात्यांनी काही ओळींना पेन्सिलने कंस घातले आहेत. त्या ओळी खोडलेल्या नाहीत, त्यातले अक्षर न अक्षर शाबूत आहे. पण मी त्या वाचणार नाही, म्हणून तुमच्यापुरत्या त्या नाहीतच. उद्या कोणी खोडरबराने कंस पुसला, तर तीच ओळ पुन्हा वाचली जाईल. आपल्या पेशीतही असेच असते. प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा असतो. त्यावर प्रथिने बनवण्याच्या सुमारे वीस हजार जनुकांचा मजकूर असतो. डोळ्याच्या पेशीत आणि त्वचेच्या पेशीत हा मजकूर एकच. तरी एक डोळा होते आणि दुसरी कातडी, कारण कोणत्या ओळी वाचायच्या आणि कोणत्या गाळायच्या, त्यांच्या पेन्सिलच्या खुणा वेगळ्या असतात.

या खुणा खरोखरीच्या असतात. त्यातली मुख्य खूण म्हणजे मिथाइल, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा चिमुकला गट. जनुकाच्या सुरुवातीला डीएनएवर अशा खुणांची दाटी झाली की सहसा ते जनुक मुके होते. दुसऱ्या खुणा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर असतात. डीएनएचा धागा या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. कुठे घट्ट, कुठे सैल. घट्ट गुंडाळीतला मजकूर वाचता येत नाही. हिस्टोनवरच्या काही खुणा गुंडाळी घट्ट ठेवतात, काही ती सैल ठेवतात.

पेशीत पेन्सिल चालवणारी विकरे आहेत आणि खोडरबर चालवणारीही आहेत. दोघांचे काम अखंड चालते आणि त्यातून समतोल राहतो. डीएनएवरच्या खुणा पुसणाऱ्या विकरांना ‘टेट’ म्हणतात. ते हे काम करतात, हे २००९ साली कळले. हिस्टोनवरच्या खुणा पुसणारा एक मोठा गट ‘जुमोनजी’ या नावाने ओळखला जातो. जुमोनजी हा जपानी शब्द, अर्थ क्रूसाचा आकार. त्या कुळातल्या पहिल्या जनुकात बिघाड असलेल्या उंदरांच्या भ्रूणात मज्जासंस्थेच्या जागी क्रूससारखी आकृती दिसली, म्हणून जपानी शास्त्रज्ञांनी हे नाव ठेवले. शास्त्रज्ञही कधी कधी कवींसारखी नावे ठेवतात, हे वाचून बरे वाटले.

आता मुख्य मुद्दा. पेन्सिलला ऑक्सिजन लागत नाही. खोडरबराला मात्र लागतो. टेट असो वा जुमोनजी, या दोघांना आपले काम करायला लोह, पेशीच्या ऊर्जाचक्रातून मिळणारे एक छोटे आम्ल आणि ऑक्सिजन, अशा तीन वस्तू लागतात. इथे ऑक्सिजन चुलीतल्या जळणासारखा ऊर्जा देण्यासाठी नसतो. त्याचा अणू थेट त्या मिथाइलच्या खुणेत घातला जातो, तिचे रूप बदलते आणि मग ती निघून जाते. ऑक्सिजनच नसेल तर खोडरबर हातात असूनही पुसता येत नाही. पेन्सिल चालूच राहते. खुणांवर खुणा साचत जातात.

बेल्जियममधल्या ल्युव्हेन येथील टीनपाँ, लाम्ब्रेख्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली हे ‘नेचर’मध्ये मांडले. ऑक्सिजन तोडला की टेटचे काम मंदावते, मग हिफचा त्यात हात असो वा नसो. रुग्णांच्या गाठी तपासल्यावर दिसले की, ज्या गाठी जास्त गुदमरलेल्या होत्या, त्यांच्यात पेशींची वाढ रोखणाऱ्या जनुकांवर मिथाइलच्या खुणा जास्त होत्या. गाठींत दिसणाऱ्या अशा जादा खुणांपैकी निम्म्यापर्यंत खुणा ऑक्सिजनच्या अभावामुळे असाव्यात, असा त्यांचा अंदाज आहे.

इथे मला एक शंका आली होती, तुम्हालाही आली असेल. खुणा साचतात त्या कुठेही साचतील. नेमक्या ‘थांबा, वाढू नका’ असे सांगणाऱ्या ओळींवरच कशा? उत्तर साधे आहे. त्या कुठेही साचतात. पण ज्या पेशीत योगायोगाने ‘थांबा’ ही ओळच कंसात गेली, ती पेशी थांबत नाही. ती इतरांपेक्षा जास्त वाढते, तिची पिलावळ वाढते. पेशी दुभंगताना डीएनएच्या मजकुराबरोबर या खुणांचीही नक्कल होते, म्हणून लेकी-नातींनाही ते कंस मिळतात. काही पिढ्यांनी गाठीत अशाच पेशींची गर्दी दिसते. यात कोणाचा कट नाही; निवड मात्र आहे.

हिस्टोनच्या खुणांची बाजू २०१९ साली स्पष्ट झाली. ‘सायन्स’ या नियतकालिकात एकाच वेळी दोन शोधनिबंध आले. एक ब्रिटनमधल्या सोनिया रोशा यांच्या गटाचा, दुसरा बोस्टनमधल्या केलिन यांच्या गटाचा. रोशा यांच्या गटाला दिसले की ऑक्सिजन कमी केल्यावर तासाभराच्या आत हिस्टोनवरच्या खुणा बदलतात, हिफची वाट न पाहता. केलिन यांच्या गटाने दाखवले की जुमोनजी कुळातले एक विशिष्ट खोडरबर ऑक्सिजन थोडा घटला तरी हात टेकते, तर त्याचेच भावंड तग धरते. म्हणजे प्रत्येकाची सोसण्याची ताकद वेगळी. हे हळवे खोडरबर जनुके बंद ठेवणारी खूण पुसण्याचे काम करते. ते थांबले की पेशीला पोक्त होऊन आपले नेमून दिलेले काम धरता येत नाही. ती कोवळीच राहते, आणि कोवळी पेशी वाढतच राहते. रोशा यांच्या गटाने ज्या खोडरबराचा अभ्यास केला, ते जनुके चालू ठेवणाऱ्या खुणा पुसते. ते मंदावले की काही जनुके नको तेवढा वेळ उघडी राहतात. म्हणून ऑक्सिजन कमी झाला की सगळा मजकूर मुका होतो, असे समजू नका. काही ओळी गाळल्या जातात, काही पुन्हा पुन्हा वाचल्या जातात. भाषण तेच, अर्थ भलताच.

आता पुन्हा निळ्या बाटलीकडे येऊ. पत्रकावरचे नोबेल विजेते म्हणजे ओटो वॉरबुर्ग. कर्करोगाच्या पेशी भरपूर साखर खातात आणि ऑक्सिजन असतानाही तिचे आंबवल्यासारखे विघटन करतात, हे त्यांनी १९२०च्या दशकात पाहिले, ते खरे आहे. पण त्यांना १९३१चे नोबेल मिळाले ते पेशींच्या श्वसनातील विकरावरच्या कामासाठी. ‘कर्करोग ऑक्सिजनमध्ये जगत नाही’ हे सिद्ध केल्याबद्दल नव्हे, कारण ते खरेच नाही. रक्तवाहिनीला चिकटून असलेल्या कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन घेऊन मजेत वाढत असतात. आणि उलट बाजूही लक्षात घ्या : श्वास कमी घेतल्याने कोणाला कर्करोग होतो, असेही नाही. आपाचा आजार एचपीव्ही या विषाणूमुळे सुरू झाला. ऑक्सिजनचा तुटवडा गाठ वाढल्यावर येतो आणि आगीत तेल ओततो.

बाटलीचा हिशेबही मी नंतर मांडला. तो आधी मांडायला हवा होता. साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. दाब देऊन भरला तर काही पट जास्त, पण झाकण उघडताच तो निसटू लागतो. आपल्या एका साध्या श्वासात अर्धा लिटर हवा असते आणि तिच्यात शंभर मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन असतो. म्हणजे लिटरभर साध्या पाण्यापेक्षा एक श्वास दसपटीहून श्रीमंत. शिवाय निरोगी फुप्फुसातून निघालेले रक्त आधीच ऑक्सिजनने जवळपास पूर्ण भरलेले असते. तुटवडा फुप्फुसात नाही, गाठीच्या आतल्या त्या दोन केसांच्या अंतरात आहे. जे पाण्याचे, तेच त्या आशेने केलेल्या प्राणायामाचे. मन शांत व्हायला तो जरूर करा. गाठीतली पाइपलाइन त्याने दुरुस्त होत नाही.

मग डॉक्टर आपाचे हिमोग्लोबिन वाढवायला का सांगत होते? मुळात रक्तच कमी असेल, तर त्या आडबाजूच्या पेशींपर्यंत पोचणारी तुटपुंजी धारही आटते, आणि रुग्णाला उपचार सोसत नाहीत. रक्त भरले की गाठीत ऑक्सिजन पोचलाच, असे नाही. पण ती काळजी घ्यावीच लागते. मी तेव्हा रक्तपेढीत जाऊन रक्त दिले. सहा आठवडे बाटल्या आणण्यापेक्षा ते अर्ध्या तासाचे काम होते.

या ज्ञानाचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. ल्युव्हेनच्या गटाने उंदरांमध्ये गाठीतल्या रक्तवाहिन्या सुधारून पाहिल्या. ऑक्सिजन पोचू लागला तेव्हा या जादा खुणा वाढणे थांबले. ही आशेची बाजू आहे. मात्र उंदीर आणि माणूस यांत अंतर असते. मिथाइलच्या खुणांची नक्कल थांबवणारे अ‍ॅझासायटिडिन हे औषध अमेरिकेत २००४ साली अस्थिमज्जेच्या काही आजारांसाठी मंजूर झाले. हिफच्या एका प्रकाराला अडवणारे बेल्झुटिफान २०२१ साली एका दुर्मीळ आनुवंशिक आजारातल्या गाठींसाठी आले. गर्भाशयमुखाच्या गाठीसारख्या घट्ट गाठींवर खुणा पुसणाऱ्या औषधांना तसे यश अजून मिळालेले नाही. पण मला यातली एक गोष्ट धीर देणारी वाटते. अक्षर बिघडले तर ते दुरुस्त करणे फार कठीण. पेन्सिलची खूण निदान पुसता येण्याजोगी असते.

आपाने मला विचारले होते, ‘‘अरे, माझ्या पोरींच्या रक्तात हे उतरेल का?’’ तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते. आता देता येते. गाठीतल्या पेशींवर पडलेल्या खुणा गाठीपुरत्या असतात. आईच्या गाठीतून त्या लेकीकडे जात नाहीत. लेकींनी काळजी घ्यायची ती विषाणूची. त्यावर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. ज्यांचे लसीचे वय गेले, त्यांनी तपासणी करून घ्यावी. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी झोपडवस्तीतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१३ साली जाहीर झाला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या पातळ व्हिनेगरने, म्हणजे असेटिक आम्लाने, दर दोन वर्षांनी तपासणी केली, तरी या आजाराचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. गाठ लहान असतानाच सापडली, तर तिच्या पोटात तो गुदमरलेला पट्टा तयार व्हायलाच फारसा वाव राहत नाही. आज सांगितलेल्या साऱ्या विज्ञानाचा घरगुती अर्थ मला तरी हाच वाटतो : वेळ घालवू नका.

मी सहा आठवडे घालवले. त्या आठवड्यांत गाठीच्या आत किती खुणा पडल्या असतील, याचा हिशेब कोणी देऊ शकत नाही, आणि आपाने तो कधी मागितलाही नाही. उपचार पुरे झाले. आज ती घरी आहे, तपासणीला वेळेवर जाते, आणि तारीख पुढे ढकलण्याची मला परवानगी नाही. निळ्या बाटल्या मी फेकून देणार होतो. एक तिने ठेवून घेतली. तिच्यात मनीप्लांट लावून खिडकीत ठेवली आहे. मी गेलो की तिकडे बोट दाखवून म्हणते, ‘‘बघ, तुझी बाटली आता खरंच ऑक्सिजन देतेय.’’

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)